उचललेली टाच

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे आहात, नाक भिंतीला टेकेल इतके जवळ. मागे कुणीतरी गप्पा मारतंय, हसतंय. तुम्हाला जळका वास येतोय. काय जळतंय तेही तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पण हलायचं नाही.

राग येतो ना? येऊ द्या. ज्या आजीची ही गोष्ट आहे, तिचा राग अजून निवलेला नाही.

तरुणपणी ती देशाच्या प्रमुखाच्या सरकारी बंगल्यात धुण्या-इस्त्रीच्या कामाला होती. तिथे एक नियम होता. पॅसेजमध्ये घंटा वाजली की साहेब येताहेत असं समजायचं. नोकरांनी असतील तिथे भिंतीकडे तोंड करायचं आणि दुसरी घंटा होईपर्यंत जागचं हलायचं नाही. साहेबांना नोकरांची तोंडं दिसू नयेत, एवढाच त्या नियमाचा अर्थ.

त्या बंगल्याच्या इतिहासावर आता एक त्रैमासिक निघतं. गुळगुळीत कागद, कधी झुंबरावर लेख, कधी जिन्यावर. त्याचे संपादक एका सकाळी नवा अंक घेऊन आजीकडे आले. आजीची आठ वर्षांची नात, जिला घरात सगळे मिरची म्हणत, लगेच मध्ये डोकं घालून बघू लागली.

अंकात एक जुना फोटो होता. पॅसेजमध्ये दोन बायका, पाठमोऱ्या. खाली छापलं होतं, ‘साहेबांना आदराने वाट देणाऱ्या सेविका’.

“यातल्या उंच त्या तुम्हीच ना?” संपादकांनी हौसेने विचारलं. “आणि या शेजारच्या?”

“ठेंगू म्हणायचो आम्ही तिला. माझी मैत्रीण. गेली ती.”

संपादक हळहळले आणि त्यांनी पान उलटलं. तिथे काचेच्या पेटीत ठेवलेला पांढरा टेबलक्लॉथ होता, मधोमध इस्त्रीच्या आकाराचं काळं भोक. ‘एका नोकराणीच्या निष्काळजीपणाची खूण.’

आजीने अंक मिटला. मग पुन्हा उघडला, मागचं पान काढलं आणि फोटोवर बोट ठेवलं.

“हिची टाच बघा.”

ठेंगूची एक टाच जमिनीपासून उचललेली होती.

मग आजीने सांगितलं ते असं. ठेंगू इस्त्रीच्या खोलीत त्या टेबलक्लॉथला इस्त्री करत होती. आजी धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन आली आणि दारातून तिला हाक मारली. ठेंगू हातातली इस्त्री तशीच आडवी टाकून गठ्ठा धरायला बाहेर आली. जेमतेम एक पाऊल. तेवढ्यात घंटा झाली. साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि तिथेच थांबून कसलासा किस्सा रंगवून सांगत बसले. पाहुण्यांपैकी एकाकडे कॅमेरा होता. वास सुटला तशी ठेंगू पुटपुटली, “जळतंय गं.” साहेबांसोबतच्या शिपायाने डोळे वटारले. ती टाच उचलायची, परत टेकायची. खोली हातभर अंतरावर होती.

संध्याकाळी तिला कामावरून काढलं. नंतर कुठल्याही मोठ्या घराने तिला दारात उभं केलं नाही. कापड जाळणारी म्हणून नाव झालं होतं.

“आदर म्हणे,” आजी म्हणाली. “निष्काळजीपणा म्हणे. एकाच अंकात दोन थापा, आणि त्याही इतक्या सुबक अक्षरात.”

संपादक गोरेमोरे झाले. पण त्यांना पुढच्या मुखपृष्ठासाठी आजीचा फोटो हवा होता, त्याच भिंतीपाशी, तसाच पाठमोरा. आजीने एकच अट घातली. ठेंगूचं खरं काय ते छापा, मग येते. त्यांनी मान डोलावली.

ठरल्या दिवशी आजी मिरचीचा हात धरून त्या पॅसेजमध्ये गेली. भिंतीला नवा रंग होता. इस्त्रीच्या खोलीचं दार मात्र तेच, फक्त लोटलेलं. संपादक कॅमेरा सरसावत होते तेव्हा आजीने विचारलं, लिहिलंत का ते?

“त्याचं काय आहे आजी,” ते म्हणाले, “बंगल्याचा मान सांभाळावा लागतो हो. बघू, कधी जागा उरली तर. आता जरा तोंड भिंतीकडे करता?”

आजीने भिंतीला पाठ टेकली आणि कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहिली.

“जागा उरली तर? तिचं अख्खं आयुष्य गेलं, आणि तुम्हाला चार ओळी जड होतात? घ्या फोटो. असाच घ्या. नाहीतर चालू लागा.”

संपादकांनी कॅमेरा खाली केला. राग गिळून ते उगाच हसले, आणि त्यांचं लक्ष मिरचीकडे गेलं. पोरगी जवळजवळ ठेंगूच्या उंचीची. आजी नाही तर नात, म्हणत त्यांनी तिला खांद्याला धरून ठेंगूच्या जागी उभं केलं आणि भिंतीकडे वळवलं. आजी पुढे झाली तोवर त्यांनी गंमत म्हणून भिंतीवरच्या जुन्या घंटेची दोरीही ओढली.

“हं, आता अजिबात हलायचं नाही.”

घंटेचा आवाज पॅसेजभर फिरला. मिरचीने एक टाच उचलली.

मग ती गर्रकन वळली, संपादकांच्या हाताखालून निसटली आणि पळत जाऊन तिने दोन्ही हातांनी इस्त्रीच्या खोलीचं दार ढकललं.