मूठभर चवळी

माझ्या धाकट्या बहिणीचं, कुम्बाचं, बारसं झालं ते १९६० सालच्या ऑगस्टात, आणि त्या दिवशी साम्बालाकाका आले नाहीत. बकरा कापून झाला, नाव ठेवून झालं, तरी बाबा फालेमे नदीवरच्या रेल्वेपुलाकडे बघत उभे.

"येईल," ते म्हणाले. "फुकटचं जेवण सोडणारा जारा अजून जन्मला नाही."

आम्ही त्राओरे, ते जारा. आमच्याकडे या दोन कुळांत थट्टेची सोयरीक असते. एकमेकांना काहीही बोलावं, रागवायचं मात्र नाही. बाबा नदीच्या अलीकडे दिबोली स्टेशनात सांधेवाले; पलीकडे किदिराला तेच काम साम्बालाकाकांकडे. वीस वर्षं दोघं एकमेकांना कधी 'गुलाम' म्हणायचे, कधी 'चवळीखाऊ'. जूनमध्ये फ्रेंच साहेब गेले आणि दोन्ही काठ मिळून एक देश झाला. दोन महिन्यांत तिकडे डाकारला पुढाऱ्यांचं फाटलं. आमचा काठ माली झाला, त्यांचा सेनेगल. गाड्या बंद. पुलाच्या तोंडाशी फळी ठोकली. तिच्यावर काय लिहिलं होतं ते मला कळलं नाही. अक्षरं मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले, तोवर ती फळी गेली होती.

येणारी गाडी नव्हती, तरी बाबा रोज रुळांच्या सांध्याला तेल घालत. शुक्रवारी नमाजानंतर काठावर जाऊन ओरडत, "गुलामा, जिवंत आहेस का?"

पलीकडून उत्तर येई, "तुला पुरल्याशिवाय मरतोय कुठला, चवळीखाऊ?"

पुढे पहारेकऱ्यांनी तेही बंद केलं.

त्राओरे मेला की जारानं, जारा मेला की त्राओरेनं त्याच्या कबरीत आडवं व्हायचं, 'ही जागा माझी' म्हणून अडून बसायचं. घरच्यांनी मूठभर चवळी दिली की उठायचं. लोक हसतात, आणि मेलेला त्या हसण्यातून जातो. १९६२ च्या जानेवारीत बाबांचं पोट सुजलं. अंथरुणावरून ते एकच विचारत, "माझ्या खड्ड्यात कोण झोपणार गं?" गावात दुसरा जारा नव्हता.

आई तीनदा चौकीवर गेली.

"काकू, तो आता परदेशी माणूस," हवालदार म्हणाला. "कागद राजधानीतून, बामाकोहून यावा लागतो."

"परदेशी? माझ्या घरचं इतकं खाल्लंय त्यानं, की त्याची हाडंसुद्धा आमचीच आहेत."

हवालदार हसला. कागद आला नाही.

बाबा पहाटे गेले. एका कोळ्यानं पलीकडे निरोप पोचवला. पुरुष त्यांना टेकाडावर घेऊन निघाले, तेव्हा आईनं माझ्या हातात चवळी दिली. "नदीवर जा. तो आला असेल."

ते आले होते. उन्हाळ्यातली नदी, पाणी गुडघाभर. अंगावर रेल्वेचा कोट, सगळी बटणं लावलेली. मध्यापर्यंत आले तेव्हा आमच्या काठावरच्या शिपायानं बंदूक उचलली.

"मागे फिरा, चाचा."

"नाव काय तुझं?"

शिपाई म्हणाला, "जारा."

"मग घरचाच की. मी नाही तर तू जा. वर माझा गुलाम मेलाय. त्याच्या खड्ड्यात जरा आडवा हो, एवढंच."

शिपायानं आपल्या बुटांकडे बघितलं. "ड्युटीवर आहे, चाचा." बंदूक मात्र त्यानं खाली घेतली नाही.

काकांनी टेकाडाकडे तोंड केलं. "माकान! ऊठ, ढोंग्या. चवळी द्यावी लागेल म्हणून मेलास होय? ती जागा माझी आहे. ऐकतोस का, गुलामा?"

वर फावडी थांबली. कोणी हसलं नाही. मग माती पडल्याचा आवाज येऊ लागला. तो संपेपर्यंत काका पाण्यात उभे राहिले, आणि मग त्यांनी माझ्याकडे हात पसरला. मी मूठ उघडून लांबूनच दाखवली. ते मान हलवून परतले.

जून १९६३ मध्ये पूल उघडला. पदराच्या गाठीतली तीच चवळी घेऊन मी पहिल्या गाडीनं किदिराला गेले. दारात त्यांची सून होती. तिनं सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "त्यांच्या खड्ड्यात कोण झोपलं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "इथं त्राओरे कुठून आणणार?"

चवळी मी त्यांच्या कबरीवर पेरून आले.

माझे वडील माकान त्राओरे ३० मार्च १९६२ रोजी दिबोलीला वारले. साम्बाला जारा किदिराला वारले, १७ मे १९६३ रोजी.