उंबराखालची आगटी

शेवटच्या पोरीला बैलगाडीतून उतरवताना मालनबाईंना धूर दिसला आणि त्यांचे हात पोरीच्या काखेतच थांबले. धूर रोजच्या जागेवरून येत नव्हता. उंबराखालून येत होता.

मिरजगावाबाहेरचं त्यांचं चिंच-लिंबाचं बन हिवाळाभर हुरडा पार्ट्यांना भाड्यानं जाई. आज नगरच्या एका बालवाडीची बस आली होती. हुरड्याची आगटी नेहमी बनाबाहेर, मोकळ्या वावरात पेटे. कारण बनातल्या उंबराच्या आडव्या फांदीला सुपाएवढं आग्या मोहोळ होतं. धूर लागला की ते उठतं, आणि एकदा उठलं की पळणाऱ्याला सोडत नाही.

बाकीची पोरं आगटीभोवती बसली होती. मालनबाईंचे यजमान गहिनीनाथ वाकून कणसं भाजत होते. त्या लगबगीनं, पण न पळता त्यांच्यापाशी गेल्या.

"अहो, हितं कुनी लावायला सांगितली?"

"म्याडमनी. पोरास्नी ऊन लागतंय म्हनल्या. अन् धूर तर वाऱ्यानं तिकडं चाललाय की."

"वारं पडलंय. वर बघा."

गहिनीनाथांनी वर पाहिलं. काळ्या पोळ्यावरून माश्यांची एक लाट सरसरत गेली. त्यांच्या हातातलं कणीस निखाऱ्यात पडलं.

"पानी आनतो."

"पान्यानं धूर वाढंल. माती लोटा. अन् वरडू नका."

मालनबाईंचा सारा जन्म अंगणवाडीत पोरं सांभाळण्यात गेला होता, म्हणूनच त्यांना ठाऊक होतं : एक किंचाळलं की सगळी किंचाळतात. त्या उकिडव्या बसल्या, ओठांवर बोट ठेवलं.

"पोरांनो, वर मांजरीची पिल्लं निजल्यात. त्यांना न उठवता कोन बसमधी जाऊन बसतंय बघू."

"आजी, मांजर झाडावर झोपतं?"

"आमच्याकडचं लई आगाऊ हाय. चला, चवड्यांवर."

रांग निघाली. डोक्यावरची गुणगुण दाट होत चालली होती. एक माशी मालनबाईंच्या मानेवर बसली. त्यांनी हात उचलला नाही. नांगी रुतली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण पोरांकडे पाहून त्या हसतच राहिल्या. एक पोरगं ठेचकाळलं, रडायला तोंड उघडलं, तसं त्यांनी त्याला उचलून त्याचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं.

बसचं दार लागलं. बालवाडीच्या अश्विनी मॅडम मोबाईलवर चित्रण करत सगळ्यांच्या मागून आल्या होत्या.

"आजी, कसला गोड खेळ घेतलात हो! आमच्यापाशी मिनिटभर गप्प बसत नाहीत. पुढच्या रविवारी दुसरा गट आणते. अगदी हाच खेळ ठेवा."

मॅडमच्या पाठीमागे गहिनीनाथ आले होते, कोपरापर्यंत मातीनं भरलेले. त्यांनी मालनबाईंकडे बघून नकारार्थी मान हलवली. सांगू नकोस.

मालनबाईंनी सुजत चाललेल्या मानेवर पदर ओढला. बसची काच सरकवून एका पोरानं डोकं बाहेर काढलं.

"आजी, पुढच्या वेळी पिल्लं दाखवशील?"

मालनबाईंनी मॅडमचं मनगट धरलं.

"म्याडम, उंबराकडं बघा. त्या आडव्या फांदीला."

मॅडमनी पाहिलं. हसू थोडा वेळ ओठांवर तसंच राहिलं. मग त्या बसजवळ गेल्या, पोराचं डोकं हलकेच आत ढकललं आणि काच सरकवून लावली.