घोटभर दूध

चिलापीचा काटा घशात अडकला तर काय करायचं? आमच्या डाळजात शेंबड्या पोराला विचारा, कोरड्या भाकरीचे गोळे न चावता गिळा म्हणंल. धरणाकाठचं गाव, मासा रोजचा, न् शहाणपणबी तसलंच. आमच्या मालकांना, विजयसिंहांना, काटा लागला तशी सासूनं भाकरीची चवडच पुढं सरकवली. गोळ्यावर गोळा गिळला. काटा गेला म्हणून हसलेबी. गेला खरा, पण अन्ननळी फाडून गेला, हे तवा कुणाला ठावं?

सकाळी छातीत कळा निघाल्या. मान सुजून हनुवटीला भिडली. सासू म्हणाली उसण भरली, तेल चोळ. चोळाय गेले तर कातड्याखाली चुरमुरे दाबल्यावाणी कुरकुर झालं. तेलाची वाटी तितंच टाकली न् गाडी करून बारामती गाठली.

मेघना डाक्टरीणबाईंनी मान दाबून बघितली न् त्यांचं तोंडच उतरलं. स्कॅन काढला. मग मला नीट समजावलं. अन्ननळीला भोक पडलंय, तिथनं हवा गळून दोन फुप्फुसांच्या मधी, काळजाभोवती भरलीय. हवा जिरंल, पण त्याच भोकातनं अन्नपाणी उतरलं तर आत सडंल न् माणूस हातचा जाईल. ऑपरेशन करून भोक शिवलं, बरगडीतनं नळी घातली, खाणंपिणं सगळं सलाईनवर. मला बाजूला घेऊन बजावलं, "मी सांगेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा तोंडाला लावायचा नाही."

न्हायच लावला. त्यांचे ओठ फुटले, मला हात जोडले, वैरीण म्हणाले. मी रडले, पण भांडं हातात घेतलं न्हाय. सासूचं आतडं तुटत व्हतं. लेकरू तहानलंय न् सून राखण बसलीय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तशातबी ताप उतरला, डाक्टरीणबाई म्हणाल्या सुधारतंय.

मी औषधं आणाय खाली गेले. वर आले तर बरगडीच्या नळीतनं पांढरं येत व्हतं. दूध.

सासूकडं बघितलं. म्हणाली, "घोटभरच पाजलं गं. पोटचा हाय माझ्या."

टाका सुटला व्हता. अंगाची लाही झाली माझ्या. नको नको ते बोलले तिला, न् त्याचं मला अजून वाईट वाटत न्हाय. आईची माया म्हणं! ह्या मायेला काय चाटायचंय?

पुन्हा ताप चढला, आत पू झाला, पुन्हा फाडलं. उपेग झाला न्हाय. मालक गेले.

घरी आणल्यावर तोंडात पाणी घालाय समदी पुढं आली. सासूनं घातलं, दिरानं घातलं. तांब्या माझ्यापाशी आला. "छकुले, घाल बाई, शेवटचं हाय," चुलतसासू म्हणाली.

मी तांब्या खाली ठेवला. बाया कुजबुजाय लागल्या. कुजबुजू देत. डाक्टरीणबाईंनी मला अजून सांगितलं न्हवतं.