चादरींच्या ओझ्याखालची जागा

मी मोटर बोलतेय. लाँड्रीच्या तीनचाकी गाडीच्या पोटाखाली असते ना, तीच. दिसायला दुधाच्या पातेल्याएवढी, पण अंगात ताकद चिक्कार. माझं कौतुक मलाच करावं लागतं, खाली वाकून बघतंय कोण?

मला आणलं मिस्त्रीदादांनी. लाँड्री त्यांच्या धाकट्या बहिणीची. दवाखान्याच्या चादरी रोज सकाळी ती पायडल मारत पोचवायची, आणि दवाखाना नेमका चढावर. तिथे उतरून गाडी ढकलायची. गुडघ्यांची पार वाट लागली होती तिच्या.

दादांनी मला बसवलं पुढच्या चाकावर. का? तर म्हणे बॅटरी हँडलपाशी, वायर कमी लागते! साखळीची दातेरी चाकंही अशी निवडली की गाडी सुसाट पळावी. रिकामी गाडी भुर्रकन चढ चढली आणि दादांची कॉलर ताठ झाली. खोटं कशाला बोलू, माझीही झाली.

सोमवारी मागे गठ्ठे लादले. चढ लागला तसा सगळा भार मागे गेला, पुढचं चाक हलकं होऊन जागच्या जागी गरगरलं. मी तापले, जळका वास सुटला. बिचारी उतरून ढकलू लागली. उशीर झाला. मंगळवारी तेच.

"पेशंटना उघड्या गादीवर किती वेळ ठेवू?" दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. "उद्याही उशीर झाला, तर काम दुसऱ्या लाँड्रीला."

त्या एका कामावरच तर लाँड्री उभी होती.

"दादा, काढून टाक ती मोटर," दुपारी बहीण म्हणाली. मला रडूच आलं असतं, पण मला ती सोय नाही.

दादा गाडीभोवती फिरत राहिले. "चढावर जोर नक्की कुठे पडतो गं?"

"मागे! इतकी वर्षं ढकलतेय, मला विचारायचं होतंस ना आधी!"

दादांनी कपाळावर हात मारला. "आणि मी शहाणा, रिकामी गाडी पळवून बघितली."

लगेच त्यांनी मला मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या कण्याजवळ हलवलं, थेट ओझ्याखाली. माझ्याकडे छोटं दातेरी चाक, कण्यावर ताटाएवढं मोठं. आता मी सहा वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. वेग गेला, जोर आला. मग सगळे गठ्ठे लादून दादा स्वतः वर चढून बसले.

"अरे उतर, लोक बघतायत!"

"बघू देत. तू चालव."

आम्ही चढलो. सावकाश, पण न थांबता. बुधवारी सिस्टर दार उघडायच्या आत आम्ही दारात हजर!

त्याला पाच वर्षं झाली. माझा रंग उडालाय, जरा घरघरतेही. पण दर रविवारी साखळीला तेल मिळतं, मी मजेत आहे. दादा आता इतरांच्या गाड्यांनाही मोटर बसवून देतात, पण गाडी भरल्याशिवाय तपासत नाहीत, आणि वर स्वतःच बसतात. वजन वाढलंय हो त्यांचं, पण सांगणार कोण?

माझं मागणं एवढंच. मोटर कुठे बसवायची, हे आधी ओझं ओढणाऱ्याला विचारा. दादांनी बहिणीला विचारलं, तेव्हापासून चढ आला तरी ती सीटवरून उतरलेली नाही.