परत येणारा चेहरा

सिनेमा संपला, थिएटरातले दिवे लागले, आणि कुणी उठेना.

पॅसाडेनातलं ते जुनं थिएटर स्टुडिओने चाचणीच्या खेळासाठी घेतलं होतं. नाव न सांगता सिनेमा दाखवायचा आणि लोक कुठे हसतात, कुठे खोकतात ते मागे उभं राहून बघायचं, ही हॉलिवूडची जुनी रीत. पण लोक खुर्चीला चिकटूनच बसले तर त्याचा काय अर्थ लावायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मधल्या रांगेतली एक बाई पॉपकॉर्नचा डबा पोटाशी धरून दारातल्या मॅनेजरला म्हणाली, "अहो, शेवटचं रीळ लावायचं राहिलंय तुमचं. तो परत येतो ते दाखवा की." तिच्या आजूबाजूच्यांनीही माना डोलावल्या. मॅनेजर बिचारा खरोखरच वर जाऊन रिळं तपासून आला.

सगळ्यात मागच्या रांगेत ऑर्विल पासेक बसला होता. त्याला आधी हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

ऑर्विल म्हणजे लोकांनी पन्नास सिनेमांत पाहिलेला आणि एकदाही ज्याचं नाव विचारलं नाही असा नट. साठीला टेकलेला, लांबट तोंडाचा, डोळ्यांखाली पिशव्या लोंबणारा. दार वाजतं, नायिका दार उघडते, बाहेर टोपी हातात धरून पोलीस उभा असतो आणि तिच्या नवऱ्याबद्दल काहीतरी सांगतो, तो पोलीस ऑर्विल. ऑपरेशन संपवून मान हलवत बाहेर येणारा डॉक्टर तोच, घरावर जप्ती आणणारा बँकेचा माणूसही तोच. वाईट बातमी त्याच्या पाचवीलाच पुजलेली. किराणा दुकानातसुद्धा त्याला बघून बायका पर्स जरा घट्ट धरत, आणि कुठे पाहिलंय हा विचार करत पुढे जात.

हा सिनेमा मात्र त्याचा व्हायचा होता. गोष्ट साधीच होती. नेब्रास्कातला एक विधुर आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन परगावी निघतो, वाटेत एका बसस्टँडवर तिला म्हणतो, "मी सँडविच घेऊन येतो, तू सामानापाशी थांब," आणि कायमचा निघून जातो. नट निवडायचं काम बर्निस फायगिनकडे होतं. मुलीच्या भूमिकेसाठी पोरी येत, आणि बापाची वाक्यं वाचायला समोर कुणीतरी लागतं म्हणून बर्निसने ऑर्विलला बसवलं होतं. असल्या वाचनावरच त्याचं घर चालायचं. येईल त्या पोरीला तो तेच वाक्य म्हणे, आणि 'सामानापाशी थांब' आलं की खोलीत कुणाला खुर्ची सरकवायचंही सुचत नसे. हा माणूस परत येणार नाही, हे त्याच्या त्या थकल्या, मवाळ आवाजातच कळून जायचं.

"हा बाप तूच कर," बर्निस म्हणाली. "मी बोलते वरच्यांशी."

ती बोललीही. वरच्यांनी विचारलं, कोण पासेक? त्याच आठवड्यात ग्रेडी व्हॉनने पटकथा वाचली आणि हा बाप मला करायचाय म्हणून निरोप धाडला. संपला विषय.

व्हॉन म्हणजे तीस वर्षं पडद्यावर परत येणारा माणूस. लढाईवरून परत आला, तुरुंगातून आला, वाळवंटातून आला, एकदा तर समुद्राच्या तळातून आला. काही झालं तरी शेवटी तो अंगणात उभा असायचाच. अमेरिकेतल्या आयांचा स्वतःच्या पोरांवर नसेल तेवढा त्याच्यावर भरवसा. नट वाईट नव्हता तो. मेहनत घेतली, वजन उतरवलं, केस पांढरे केले. पण तेच वाक्य त्याच्या तोंडून आलं की वाटायचं, सँडविच गार व्हायच्या आत हा दारात हजर होणार. त्याला तो तरी काय करणार? चेहरा काही उतरवून खुंटीला टांगता येत नाही.

ऑर्विलची समजूत काढायला बर्निसने त्याला तिकीट खिडकीवरच्या कारकुनाचं काम मिळवून दिलं. अगदी शेवटी, मुलगी एकटी उरते तेव्हा तो खिडकी लावता लावता म्हणतो, "पोरी, शेवटची बस गेली." मग तो तिच्याकडे बघत राहतो आणि सिनेमा संपतो. काम तेवढंच. पण चाळीस वर्षांत पहिल्यांदाच एक सिनेमा ऑर्विलच्या चेहऱ्यावर संपत होता. त्याने ओहायोतल्या बहिणीला फोन करून सांगितलं होतं, आणि तो असले फोन करणाऱ्यांतला नव्हता.

चाचणीचा खेळ संपल्यावर थिएटरच्या बाहेर निर्माता हॅरिस लोवेल गाडीच्या टपावर बोटं वाजवत उभा होता. बर्निस त्याच्याशी बोलून ऑर्विलकडे आली.

"बाप परत येणार," ती म्हणाली. "गुरुवारी सेट पुन्हा लावतायत. एकच दिवस आहे हातात, व्हॉन शुक्रवारी स्पेनला चाललाय. जमलं तर जमलं. नाही तर प्रदर्शनाची तारीख ठरलेली आहे, सिनेमा आहे तसाच जाईल."

"म्हणजे माझ्यावर संपेल."

"तुझ्यावर संपेल. आणि जमलं तर तुझी खिडकी जाईल. बाप परत आल्यावर शेवटची बस गेली म्हणून कुणाला सांगणार तू?"

"कळलं."

"अजून आहे. तुला वाचायला बोलावलंय गुरुवारी."

"व्वा. माझ्याच मयताला मी खांदा देऊ?"

"टेसाने मागितलंय तुला," बर्निस म्हणाली. "नाही म्हणायचं असेल तर तिला सांग, मला नको. मी दमले बाबा या सगळ्याला."

टेसा लिंडक्विस्ट म्हणजे सिनेमात त्या मुलीचं काम करणारी पोर. मिनेसोटाची, एकोणीस वर्षांची, पहिलाच सिनेमा. या धंद्यात मोठ्या नटाचं जवळून चित्रण सकाळी आधी उरकतात. मग तो घरी जातो, आणि समोरच्याच्या चित्रणाच्या वेळी त्याची वाक्यं दुसरंच कुणीतरी कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून म्हणतं. टेसा या सिनेमात जेवढी रडली तेवढी ऑर्विलकडे बघून रडली होती. पडद्यावर तिच्या समोर व्हॉन दिसायचा. यात कुणी कुणाला फसवतंय असं तिथे कुणाला वाटत नाही. ऑर्विललाही कधी वाटलं नव्हतं.

तो नाही म्हणाला नाही. गुरुवारी गेला.

सकाळी व्हॉन हातात कागदी पिशवी घेऊन बसस्टँडच्या दारातून आत आला, थांबला, "भूक लागली असेल ना तुला," म्हणाला. तीनदा आला, तिन्ही वेळा झकास आला. दिवे लावणाऱ्यांतला एक जण डोळे पुसत होता. मग व्हॉन कॉफीच्या टेबलाशी ऑर्विलजवळ येऊन उभा राहिला.

"मला वाटलं होतं गड्या, एकदा तरी जाऊ देतील मला."

"लोकांना सोडवत नाही तुम्हाला," ऑर्विल म्हणाला.

"आई आली होती परवा पॅसाडेनाला. म्हणते, ग्रेडी, पोरीला असं ताटकळत ठेवतात का? म्हटलं, अगं, गोष्ट आहे ती. तर म्हणते, असेल, पण तू तसा नाहीस." त्याने कॉफी तशीच खाली ठेवली. "तीन बायका सोडल्या मी. माझा धाकटा मला रस्त्यात ओळखत नाही. मी अगदी तसाच आहे हो."

ऑर्विलला त्याचा राग करायचा होता, पण जमलं नाही. त्या माणसालाही त्याच्याच चेहऱ्याने अडवून धरलं होतं. दुपारी सगळ्यांचे हात हातात घेऊन, एकूण एकाचं नाव घेऊन व्हॉन निघून गेला.

मग टेसाला सुटकेसवर बसवलं आणि तिथे घोडं अडलं.

ऑर्विल कॅमेऱ्याशेजारी उभा राहून म्हणे, "भूक लागली असेल ना तुला," आणि टेसा हसायची. वाढदिवसाला नको ती भेट मिळाल्यावर माणूस हसतो तशी. दिग्दर्शक म्हणाला, पुन्हा. मग म्हणाला, थोडं कमी. मग, थोडं जास्त. लोवेल मागे घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. ऑर्विलने मुद्दाम वाईट वाचलं असं नाही. पण चांगलं वाचायचा खटाटोपही केला नाही, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक त्याची खिडकी उघडी राहात होती. दुपार कलली, आणि त्याला आतून हलकं वाटायला लागलं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली.

दिवे बदलायला थांबले तेव्हा टेसा त्याच्याजवळ आली. ओठ चावून चावून लाल झाले होते.

"मिस्टर पासेक, मी बुडाले."

"बुडाली नाहीस. वाक्यच तसलं आहे."

"नाही, चूक माझीच आहे. मी कुणाची वाटच बघत नाहीये. तुम्ही सकाळपासून इथेच उभे आहात, कुठे गेलाच नाहीत, तर परत काय येणार?" तिने त्याची बाही धरली. "जुनं वाक्य म्हणाल? ते 'सामानापाशी थांब'. आणि खरंच जा. बाहेर जा. मी बसते इथे."

"आणि मग?"

"मग मला नाही माहीत. पण आज मला नाही जमलं तर मिस्टर लोवेल माझ्याबद्दल गावभर काय सांगतील ते मला माहीत आहे."

ऑर्विललाही ते माहीत होतं. या गावात एकोणीस वर्षांच्या पोरीला दुसरी संधी मागायला फार लांब जावं लागतं. त्याने दिग्दर्शकाच्या कानात सांगितलं. दिग्दर्शकाने हात टेकलेलेच होते. म्हणाला, काहीही करा, मी कॅमेरा चालू ठेवतो.

या वेळी ऑर्विल तिच्यासमोर जाऊन जरासा वाकला. "मी सँडविच घेऊन येतो," तो म्हणाला. "तू सामानापाशी थांब." चाळीस वर्षं ज्या बायकांना दारात उभं राहून त्याने एकेक वाक्य सांगितलं होतं, त्या सगळ्यांचा शीण त्या वाक्यात उतरला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, आणि कॅमेऱ्याकडे त्याची पाठ होती. मग तो वळला, खोट्या भिंतीमागून चालत गेला, स्टुडिओचं जाड दार ढकलून बाहेर पडला. दार मागे बंद झालं.

बाहेर लख्ख ऊन होतं. दारावर लाल दिवा फिरत होता, म्हणजे आत कॅमेरा चालू होता. तो दिवा फिरत असताना दार उघडायचं नाही, हा तिथला नियम. मोठमोठे मालकसुद्धा उन्हात ताटकळत उभे राहतात. ऑर्विलने जन्मात तो नियम मोडला नव्हता. समोर त्याची गाडी उभी होती. त्याला कुणी काही म्हणणार नव्हतं. पोरीने जा सांगितलं, तो गेला. नियमाप्रमाणे बाहेर थांबला. रीळ आत फिरून फिरून संपेल, दिवस जाईल, व्हॉन विमानात बसेल आणि सिनेमा ऑर्विलच्या तोंडावर संपेल. खरा शेवट तोच तर होता. बरोबर होता आणि त्याचाही होता. फक्त उभं राहायचं होतं.

तो उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. आत ती पोर सुटकेसवर बसली असेल, हे त्याला दाराआडूनही दिसत होतं. असं सोडून जाणं वाटतं तेवढं अवघड नाही, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं आणि तो स्वतःलाच घाबरला.

त्याने दार उघडलं. उन्हाचा पट्टा आत घुसला, आवाज टिपणाऱ्याने कानावरचं यंत्र ओढून काढलं, कुणीतरी दबक्या आवाजात शिवी दिली. ऑर्विल खोटी भिंत ओलांडून कॅमेऱ्याच्या बाजूला आला. वाक्य तो साफ विसरला होता, आणि हातात काही नव्हतं.

टेसाने मान वर केली. आधी तिचा विश्वास बसला नाही. मग थोडा राग आला, मग हनुवटी थरथरली, आणि मग ती हसली. लोवेल मागून कुजबुजला, "हे. हे व्हॉनच्या सकाळच्या चित्रणाला जोडा." ऑर्विलने ते ऐकलं. आजवर त्याचं तोंड बघून कुणाला आनंद झाला नव्हता, आणि हा आनंद दुसऱ्याच्या नावावर जाणार हे त्याला पक्कं माहीत होतं. कुणालाही कट म्हणायचं सुचत नव्हतं, म्हणून तो तिथेच उभा राहून तिच्याकडे बघत राहिला.