लख्ख घासलेला बॅरल आणि खाडीची पिल्लं

या पावणं, बसा जरा. मी एक निळा बॅरल. दोनशे लिटरचा, प्लास्टिकचा, काळ्या झाकणाचा. असले बॅरल तुम्ही लग्नाच्या मांडवात, गोठ्यात, बांधकामावर हजार वेळा पाहिले असतील. पण ह्याच्या पोटात आधी काय होतं, असं कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगतो.

माझा पहिला मुक्काम शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये. तिथं लोखंडी वस्तूंना चकाकी द्यायचं काम चाले. माझ्या पोटात निकेलचं पाणी, हिरवंगार, अगदी उसाच्या रसासारखं. एकदा एक नवा कामगार वाकून म्हणाला, “घोटभर घ्यावा वाटतंय.” फोरमननं त्याला जी शिवी हासडली ती इथं सांगत नाही, पण त्या शिवीनं त्याचा जीव वाचला.

तिथून भंगारात गेलो, भंगारातून बांधकामावर. तीन उन्हाळे उघड्यावर काढले. उन्हानं माझी कातडी भुरभुरीत झाली, पण आतला हिरवट डाग काही गेला नाही.

मग मला कृष्णात नावाच्या एका टेम्पोवाल्यानं उचललं. माशांची पिल्लं आणून शेततळेवाल्यांना विकायचा त्याचा धंदा. घाटाखालच्या खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्लं माझ्यात भरायची, वाटेत खाऱ्या पाण्यात थोडंथोडं गोडं पाणी मिसळत फोंडा घाट चढायचा, आणि मुरगूडला झुंबरआक्कांच्या तळ्यात सोडायची. जिताडा खाडीचा खरा, पण गोड्या पाण्यातही चांगला वाढतो.

तळ्यात मासा पाळायचा हा झुंबरआक्कांचा हट्ट. घरचे म्हणायचे, “तळं उसाला पाणी पाजायला हाय.” त्यावर आक्का म्हणाल्या, “एक हंगाम मला द्या. न्हाय जमलं तर तुमचं तळं तुम्हाला.”

पहिली खेप नमुन्याची, मोजक्या पिल्लांची; ती बरी गेली. पाच-दहा पिल्लं मेली. तेवढी वाटेत मरतातच. पण आक्कांनी माझ्यात डोकावून नाक मुरडलं.

“किस्ना, बॅरल घाण हाय तुझा.”

कृष्णात गिऱ्हाइकाच्या नाकाला फार जपणारा. दुसऱ्या खेपेआधी त्यानं वाळू घेतली, विटेचा तुकडा घेतला, तारेची घासणी घेतली आणि अर्धा दिवस मला आतून घासलं. डाग गेला. खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी एवढ्या मायेनं हात लावला होता. घासताना सुटलेली माझी पूड चार बादल्या पाण्यात निघून गेली, असं त्याला वाटलं. ती गेली नव्हती. ओरखड्या-ओरखड्यात बसली होती, जुना निकेल अंगावर घेऊन.

घाटात टेम्पो वळणं घेऊ लागला, पाणी हिंदकळलं आणि ती पूड उठली. बारीक, निळी, पाण्यात फिरणारी. जिताड्याचं पोर हलेल त्यावर झडप घालतं. पाचशे इवली तोंडं माझीच पूड टिपत होती आणि मला कळत होतं. ओरडावं म्हटलं, तर झाकण लावलेलं.

तळ्याच्या कडेला जाळीच्या पिंजऱ्यात पिल्लं सोडली. आक्का रोज सकाळी बांधावर जाऊन बसत. चौथ्या दिवशी त्यांनी कृष्णातला बोलावून घेतलं.

“खात न्हाईत. तिरकी पवत्यात. आन् खंड्या डोक्यावर आला तरी हलत न्हाईत. भीतच न्हाईत रं ही!”

“वाघाची जात हाय, आक्का!”

“भीती न्हाय त्यो वाघ न्हवं, येडा असतोय.”

आठवड्यात निम्मी गेली. शेजारच्या ईरप्पांची पोरगी पवित्रा कोल्हापुरात कॉलेजला प्राणिशास्त्र शिकते. तिनं एक मेलेलं पिल्लू चिरलं.

“माळकऱ्यागत राहता तुमी लोक, मासा खाईना,” आक्का म्हणाल्या, “आन् चिरतीस मात्र झकास!”

“अभ्यासाला चालतंय अज्जी.”

पोटात अन्न नव्हतं, निळे कण होते. तिनं ते, माझ्या तळाशी उरलेलं पाणी आणि माझं थोडं खरवडण कॉलेजात नेलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“पाण्यात निकेल थोडाच निघाला. नुसत्या त्यानं एवढी मेली नसती बहुतेक. नुसत्या प्लास्टिकनंही नसती. पण कणाला निकेल चिकटला आणि कण पोटात जाऊन बसला. मोठा मासा कदाचित तग धरंल. ही बाळं हाईत.”

मला गुळाचा सौदा आठवला. कृष्णात टेम्पोत नेहमी सांगायचा: एकटा दलाल परवडतो, पण दोघांनी रुमालाखाली बोटं दाबून आपसात भाव ठरवला की शेतकरी मेलाच. माझ्या पोटात तेच झालं होतं.

कृष्णात खाली बघत म्हणाला, “तिसरी खेप तयार हाय खाडीवर. पिल्लं जाळीत धरून ठेवल्यात. बॅरल पुन्यांदा चांगला घासून घेतो की.”

घासून! म्हणजे आणखी पूड.

आक्का उठल्या. गोठ्यातून पहार आणली आणि माझ्या बुडाला घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला भोक पडलं.

“आता ह्यात कुणी पाणी भरणार न्हाय. खाडीवर फोन लाव.”

कृष्णातनं फोन लावला. “होय, मीच. पिल्लं सोडून दे माघारी. समदी. ... न्हाय, कारण आल्यावर सांगतो.”

आक्कांचा हंगाम गेला. तळ्यावर आता उसाचा पंप बसलाय. बाकीची पिल्लंही एकेक करत गेली; दोन्ही खेपांतली मिळून उरलेली अडतीस त्यांनी विकली नाहीत, खाल्लीही नाहीत. एका कोपऱ्यात जाळी लावून राखलीत. पंप लावू नका त्या अंगाला, एवढंच त्या घरच्यांना सांगतात.

मी गोठ्यामागं आडवा पडलोय. ऊन लागतंय, रोज थोडा झडतोय. पहारीनं माझं पोट फुटलं, पण मी संपलो नाही; माझ्यासारख्याला मरणच नाही, नुसतं बारीक होणं आहे. पावसाळ्यात इथलं पाणी ओढ्यानं वेदगंगेला जातं, वेदगंगा दूधगंगेला, दूधगंगा कृष्णेला. आणि कृष्णाही शेवटी एका खाडीतच उतरते म्हणे. तिथंही पिल्लं असतील, हलेल त्यावर झडप घालणारी.

म्हणून एक विनंती, पावणं. उठताना मला तेवढं उन्हातून सावलीत ढकला.