तिसऱ्या पिंजऱ्यातल्या लाल पेशी

पूर्वाच्या पीएचडीचं चौथं वर्ष चालू होतं. खडकीहून रोज स्कूटरवरून ती पाषाणच्या प्रयोगशाळेत यायची. आता संपतच आलं म्हणेपर्यंत तिच्या उंदरांनी घोळ घातला.

आतड्यातल्या काही संरक्षक पेशींचं काम भांडण मिटवायचं असतं. आपलं जेवण किंवा आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू यांच्यावर इतर पेशी तुटून पडू नयेत, म्हणून त्या आवर घालतात. या पेशींना पूर्वानं लाल चमकणारी खूण केली होती. पेशीनं पुढे काहीही उद्योग केले तरी ती पुसली जात नसे. आणि तिसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदरांत या लाल पेशीच दाह पेटवत होत्या.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," तिच्या मार्गदर्शक वासंतीमॅडम म्हणाल्या. "लेबलं वाचण्यासाठी लावतात."

पूर्वानं प्रयोग आणखी दोनदा केला, उत्तर तेच आलं. मग ती खाली कांताबाईंकडे गेली. अठरा वर्षं उंदीर सांभाळणाऱ्या कांताबाईंनी आधी सगळं नेहमीसारखंच असल्याचं सांगितलं. मग आठवलं: नेहमीच्या खाण्याची पोती उशिरा आल्यामुळे त्या पिंजऱ्याला महिनाभरापासून दुसरंच खाणं चालू होतं.

"वहीत लिहिलंय मी. वर कुणी वाचत नाही, त्याला मी काय करू?"

त्या खाण्यात चोथा जवळजवळ नव्हताच. पूर्वानं त्या पिंजऱ्यातल्या उरलेल्यांपैकी अर्ध्या उंदरांना जुनं खाणं सुरू केलं, अर्ध्यांचं तेच ठेवलं. तीन आठवड्यांनी पाहिलं, तर जुनं खाणाऱ्यांच्या बहुतेक लाल पेशी पुन्हा भांडण मिटवायला लागल्या होत्या. दुसऱ्यांच्या अजून पेटलेल्याच होत्या. पूर्वा एकटीच हसली, आणि धावतेय असं दिसू नये इतक्या बेतानं मॅडमच्या खोलीकडे निघाली.

मॅडमनी आलेख बराच वेळ पाहिला. "या थोड्या परतल्या नाहीत. का?"

"माहीत नाही."

"छान. म्हणजे पीएचडीनंतर काय करायचं हा प्रश्न मिटला." मग त्यांनी कांताबाईंना वहीसकट वर बोलावलं आणि शोधनिबंधात त्यांचे आभार मानायचे, असं पूर्वाला बजावलं.

कांताबाईंनी पडद्यावरचे लाल ठिपके निरखून पाहिले. दिसतात छान, म्हणाल्या, पण पिंजरे धुवायचे राहिलेत. आणि वही काखेत मारून खाली गेल्या.